भानूचा अंगठा

आमच्या भानुमतीला उलथणं धरताना एकदा बघाच. चार बोटं दांड्याला आणि अंगठा ताठ वर! झाडू असो, स्कूटीचं हँडल असो, अंगठा आपला वरच. लग्न झालं तेव्हापासून मी चिडवून राहिलो, "कुणाला ठेंगा दाखवून राहिली बाप्पा?"

तिचं उत्तर ठरलेलं. "तुम्हाला. अजून कुणाला!"

ही माझी बायको जबलपुरात पोलिसात हेड कॉन्स्टेबल आहे. मी श्रीरंग, रेल्वेच्या ऑफिसात फायली सरकवतो. तिला मात्र नवे शिपाई 'उस्ताद' म्हणतात, कारण ती त्यांना पिस्तूल चालवायला शिकवते. आमच्या जबलपुरातल्याच गोरखपुर मोहल्ल्याच्या बाजारात एखादा पोरगा भाजी घेता घेता टाच जुळवून तिला सलाम ठोकतो, आणि मागे पिशवी धरून चालणारा मी छाती फुगवतो. काहून नाही फुगवणार?

मागच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे नवी पिस्तुलं आली आणि घरात नुसता उत्साह! पोळी ताटात तशीच ठेवून भानू सांगून राहिली, "अहो, जुन्याला बाजूला एक खटका असतो ना, तो वर असला की पिस्तूल बंद. अंगठ्याने खाली दाबायचा, मग चाप ओढायचा. चाप एकदम हलका. नव्याला तो खटकाच नाही! चापाच्या मधोमध एक बारीक जीभ आहे. बोट तिच्यावर नीट बसलं तरच चाप मागे जातो. ओढ थोडी लांब, थोडी जड."

"म्हणजे सेफ्टी अंगठ्याकडून बोटाकडे आली," मी म्हणालो.

"हौ! अगदी बरोबर!" तिचे डोळे असे चमकले की जसं पिस्तूल मीच शोधून काढलं.

"मग बरं कोणतं?"

"घाबरणाऱ्याला नवं बरं, खटका विसरायची भीतीच नाही. उतावळ्याला जुनं बरं. नव्यात बोट उगाच चापावर ठेवलं की संपलं." हे बोलता बोलता तिने वरणात मीठ दुसऱ्यांदा घातलं. मी मुकाट्याने खाल्लं.

पण हा आनंद आठवडाभरही टिकला नाही. पिस्तुलातल्या गोळ्या संपल्या की वरची स्लाइड मागेच अडकून राहायला पाहिजे. तेव्हा कळतं, की रिकामं झालं, आता मॅगझिन बदला. भानूच्या हातात ती अडकायचीच नाही! ही आपली गोळी आहे समजून चाप ओढायची, नुसतं टक् व्हायचं, आणि मोलाचा वेळ जायचा. त्यातच साहेबांनी सांगून टाकलं, "सालाना मुकाबले में जो दोनों पिस्टल टाइम में चलाएगा, वही उस्ताद रहेगा." नाही जमलं तर भानूची बदली थेट पोलीस ठाण्याच्या टेबलावर, कागदं भरायला.

"तिथे बसवलं तर मी जीव सोडीन हो," ती डोळे पुसत म्हणाली. भानू आणि रडणं! माझं डोकंच फिरलं.

"पिस्तूलच खराब आहे! त्या कंपनीवाल्याला बोलव, मी बघतो त्याच्याकडे!"

"काय बघता? तेच पिस्तूल समृद्धीच्या हातात चोख चालतं." समृद्धी म्हणजे नव्या भरतीतली, भानूच्याच हाताखाली शिकलेली पोरगी. तिने पहिल्यांदा हातात धरलं तेच नवं पिस्तूल, जुन्याची तिला सवयच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भानू पोहे परतून राहिली होती, तोंड उतरलेलं. तिला हसवावं म्हणून मी म्हणालो, "तू उदास आणि अंगठा केवढा ताठ! त्याला तरी बसव गं खाली."

भानू एकदम थांबली. उलथण्याकडे बघितलं, अंगठ्याकडे बघितलं, आणि असं ओरडली की आमची रुचिरा ब्रश तोंडात घेऊन धावत आली. "अहो, हाच तो मेला! जुन्याच्या खटक्यावर अंगठा टेकवून ठेवायची सवय माझी. नव्यात स्लाइड अडकवणारी पट्टी तिथेच आहे. मी तिला दाबून धरते, मग ती वर येणार कशी?"

पोहे करपले. पण तिने माझा गालगुच्चा घेतला, पोरीसमोर!

मग काय, घरात एकच घोष. चहा गाळताना मी ओरडायचो, "अंगठा खाली!" झाडताना रुचिरा, "मम्मी, अंगूठा!" महिनाभरात अंगठा असा वळला की मलाच चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं.

मुकाबल्याच्या दिवशी घरच्यांना दोरीमागे उभं केलं होतं. भानू आणि समृद्धी शेजारी शेजारी. आधी नवं पिस्तूल. शिट्टी झाली. धडाधड गोळ्या सुटल्या, आणि शेवटच्या गोळीला भानूची स्लाइड मागे जाऊन तिथेच थांबली. तिने मॅगझिन बदललं, उरलेल्या गोळ्या वेळेआधी संपवल्या. मी रुचिराला इतकं दाबून धरलं की ती म्हणाली, "पापा, साँस तो लेने दो!"

आता जुनं. तिचं ओळखीचं, लाडकं. मी तर मनात पेढे वाटून मोकळा झालो होतो.

शिट्टी झाली. सगळीकडून आवाज सुरू झाले, फक्त या दोघींकडे शांतता. दोघी चाप ओढून राहिल्या आणि काहीच नाही! समृद्धीला खटका माहीतच नव्हता म्हणा ना, हाताला सवय नव्हती. आणि भानूचा अंगठा? आम्ही शिकवलेल्या जागी, निमूट खाली! अरे देवा, माझ्याच बोंबलण्याने माझ्या बायकोची उस्तादी खाल्ली! ओरडावं वाटलं, पण बाहेरून बोललं की बाद. दातांखाली रुमाल धरला मी.

आणि मग तो उठला. भानूने उठवला नाही, मी बघितलं ना, तिची नजर समोरच होती. अंगठा आपणहून वर गेला, खटका खाली, आणि धाड, धाड, धाड! शेवटची गोळी आणि शेवटची शिट्टी जवळजवळ एकदमच.

"पास!" साहेब म्हणाले. मी दोरी ओलांडून पळत सुटलो, एका हवालदाराने कॉलर पकडली, तरी मी नाचूनच राहिलो होतो. भानू मात्र माझ्याकडे आलीच नाही. ती आधी समृद्धीकडे गेली, कारण ती पोरगी डोळे पुसत उभी होती. साहेबांनी तिला पुन्हा एक संधी दिली, फक्त जुन्या पिस्तुलाची.

रविवारी समृद्धी आमच्या स्वयंपाकघरात. भानूने तिच्या हातात उलथणं दिलं. "अंगठा वर. अजून वर. आता खटका आहे समजून दाब. पुन्हा." समृद्धी परतून राहिली, भानू शेजारी झारा धरून उभी, आणि दोघींचे अंगठे ताठ.

मी दारातून म्हणालो, "कुणाला ठेंगा दाखवून राहिल्या बाप्पा दोघी?"

समृद्धीने आधी आपल्या उस्तादाकडे बघितलं. मग दोघी एकदमच म्हणाल्या, "तुम्हाला. अजून कुणाला!"