जनरलसाहेबांची एक माघार

मेजर जनरल यादवराव बोरकुटे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या गावच्या शाळेच्या पटांगणात, सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनाला. त्यांना आठाचे बोलावणे होते आणि ते आठाला आले. गाव नेहमीप्रमाणे अजून आंघोळीच करत होते. सरपंच धोतर सावरत धावत आले, तेव्हा साहेब शाळेच्या पायरीवर बसून पोरांना बुटाची नाडी कशी बांधावी ते शिकवत होते. पोरांच्या पायात बूट नव्हतेच, साहेबांनी स्वतःचा काढून दिला होता. मला वाटले, माणूस बरा दिसतो. तासाभरात माझे मत बदलले.

साहेबांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या लढायांवर आणि पदकांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. ते शिकलेले आहेत, त्यांनी लिहावे. मी चौथी शिकलेली बाई, चंद्रपूर जिल्ह्यात मूलच्या पुढे जंगलाला लागून असलेल्या गावात धान पिकवते. लढाई मी पाहिलेली नाही. साहेबांची माघार मात्र जवळून पाहिली आहे, आणि ती कोणी लिहील असे वाटत नाही, म्हणून ग्रंथाच्या समितीला मी होकार दिला.

आधी आमच्या घरचे सांगायला हवे. माझा मुलगा विनायक फौजेत होता. सीमेवर बर्फाचा कडा कोसळला, त्यात गेला. मागे त्याची बायको सुमन आणि पाळण्यातली पोर राहिली. गावाने शाळेत विनायकचा फोटो लावला आणि दर झेंडावंदनाला सुमनला खुर्चीवर बसवून शाल-नारळ द्यायची रीत पाडली. पहिल्या वर्षी मलाही बरे वाटले. मग माझ्या लक्षात येऊ लागले की ज्या बाया तिला धानाच्या रोवणीला हाक मारायच्या त्या आता मारत नाहीत. विहिरीवर ती गेली की बोलणे थांबते. ती हसली तर कोणीतरी वळून पाहते. देवळातल्या मूर्तीला निदान भूक लागत नाही. ही तर विशी ओलांडलेली पोरगी.

आमच्यात तरुण विधवेचा पाट लावतात, तिला दुसरे घर करून देतात. नवी गोष्ट नाही ती. गावातली निम्मी घरे पाटाच्या बायांनी उभी केली आहेत. पाट अंधारात लावतात, मागच्या दाराने नेतात, सवाष्णी तोंड फिरवून बसतात, पण लावतात. विनायक फौजेत असताना गेला आणि गावाला एकाएकी मोठेपण सुचले. शहिदाची बायको पाट लावते काय, गावाचे नाव जाईल, असे जो तो म्हणू लागला. विनायक जिवंत असताना त्याच्या धानाच्या बांधीतले पाणी चोरणारेसुद्धा.

तरी मी स्थळ पाहिले. रामदास घुग्घुसच्या कोळसा खाणीत कामाला होता, बायको वारलेली, पोरीसकट सुमनला न्यायला तयार. सुमननेही मान हलवली होती. त्याचे काका बोलणे पक्के करायला आले, ते नेमके त्या झेंडावंदनाच्या दिवशी, आणि पटांगणात मागच्या रांगेत बसले.

साहेब बोलायला उभे राहिले. आवाज असा की कर्ण्याची गरज नव्हती. शेवटी सुमनकडे हात करून ते म्हणाले, "ही वीरपत्नी आयुष्यभर आपल्या पतीच्या नावाने राहील आणि हे गाव तिचा मान राखील, असा मला विश्वास आहे." टाळ्या पडल्या. सरपंच तर उठून टाळ्या वाजवत होते. मी मागे पाहिले तो रामदासचे काका चपला शोधत होते. मी त्यांना फाटकाशी गाठले.

ते म्हणाले, "बाई, गावासमोर जनरलसाहेबानं सांगितलं. आता आमी तिले नेलं तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील. माफ करा." आणि ते बस धरायला निघून गेले. सुमन हातात नारळ घेऊन खुर्चीवर तशीच बसलेली होती. तिने सगळे पाहिले होते.

चहा सरपंचाच्या घरी होता. मी सुमनला घेऊन तिथे गेले. बायांनी आत जायची रीत नाही, पण मी गेले.

"साहेब, तुमच्या मायचं नाव रखमा ना जी?" मी विचारले.

साहेबांनी कप खाली ठेवला. "हो. तुम्ही कशा ओळखता?"

"माझ्या माहेरची ते. तिचा पहिला नवरा पटकीनं गेला, मंग तुमच्या बाबासंगं पाट लागला. मी तवा पोर होती, पन घरोघरी बोलनं चाले. तिलेबी असंच खुर्चीवर बसवून ठेवलं असतं, तर आज हा जनरल कुठून आला असता?"

"बाई, काऊन तमाशा करून राह्यली?" सरपंच ओरडले.

"तू चूप बैस गा. तुझी आजीबी पाटाचीच हाय."

बाकीची पुढारी मंडळी छताकडे पाहू लागली. साहेबांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटले आता ते मला हाकलतील. त्यांनी एवढेच विचारले, "तुमच्या सुनेचं काय म्हणणं आहे?"

मी सुमनला दारातून आत ओढले. ती एरवी माझ्यासमोरही मोठ्याने बोलत नसे. साहेबांनी तिला तोच प्रश्न विचारला. ती पायाकडे पाहत म्हणाली, "दरसाली शाल भेटते जी. पन घालून जाऊ कुठी?"

साहेब उठले. टोपी उचलली आणि जीपमध्ये बसून चंद्रपूरला घरी गेले. मी घरी येऊन त्यांच्या नावाने जे बोलले ते या ग्रंथात छापण्याजोगे नाही.

पुढच्या आठवडी बाजाराला जीप परत आली. तालुक्याची आजूबाजूची माणसे बाजारात असतात हे साहेबांना कोणी सांगितले नव्हते, पण फौज चालवलेल्या माणसाला एवढे कळत असावे. अंगावर तोच झेंडावंदनाचा कोट, छातीवर सगळी पदके. सरपंचांना वाटले आणखी काही सत्कार आहे, त्यांनी हार आणायला माणूस पिटाळला. साहेब मिरचीच्या पोत्यांपलीकडच्या ओट्यावर चढले.

"गेल्या खेपेला मी इथं एक हुकूम दिला," ते म्हणाले. "तो द्यायचा मला अधिकार नव्हता. सुमनबाईंनी कसं राहायचं ते सुमनबाई ठरवतील. मी माझे शब्द मागे घेतो."

सरपंच खालून म्हणाले, "साहेब, चारचौघांत असं कायले?"

"कारण चुकलो तेही चारचौघांतच." पुढे ते म्हणाले, "माझी आई पाटाची बायको होती. फौजेत इतकी वर्षं काढली, मोठ्यामोठ्यांच्या पंगतीला बसलो, पण हे कधी कोणाला सांगितलं नाही. मला लाज वाटत होती. लाज मला माझी वाटायला हवी होती."

बाजारात कोणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारी मात्र भाजी तोलता तोलता मोठ्याने म्हणाली, "आता बोलला रखमेचा पोरगा." ती मी नव्हते. असते तर बरे झाले असते, असे मला आजही वाटते, पण मी नव्हते.

साहेब एवढ्यावर थांबले असते तरी पुरे होते. ते मला जीपमध्ये घालून घुग्घुसला गेले. रामदासच्या अंगणात कोळशाची धूळ, त्यात पदकांसकट बाजेवर बसले. काका घाबरून गेले. म्हणाले, "साहेब, तुमीच तर बोलले होते."

"मीच बोललो, म्हणून मीच आलो," साहेब म्हणाले. त्या घरी त्यांना लाखोरीची डाळ आणि भात वाढला. गरिबाची डाळ म्हणून काका ओशाळले होते. साहेबांनी पुन्हा मागून घेतली. आईच्या हातची आठवली, असे ते म्हणाले. तिचे नाव आता ते सारखे घेत होते.

पाट दिवसा लावायचा, हा साहेबांचा आग्रह. आमच्या पुरोहिताने दोन्ही कानांना हात लावले. साहेब म्हणाले, "चोरी नाही, मग अंधार कशाला?" भर उन्हात आमच्याच अंगणात मांडव पडला. सुमनच्या माहेरचे कोणी आले नाही. तेव्हा साहेब मामा म्हणून तिच्यामागे उभे राहिले, संचलनात उभे राहावे तसे ताठ. गावातल्या सवाष्णी कुंपणापलीकडे घुटमळत होत्या, आत कोणी येईना. साहेबांच्या पत्नी मालतीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी सुमनची ओटी भरली. मग कुंपणाकडे पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "या ना, जागा आहे." एक आली, तिच्यामागे दुसरी. शेवटी सरपंचांची बायकोही आली. सरपंच आले नाहीत, जेवण मात्र घरी मागवून घेतले.

या सगळ्याची किंमत साहेबांना द्यावी लागली. चंद्रपूरला त्यांच्या भावबंदांनी काही महिने बोलणे टाकले. "काका, घराण्याची अब्रू बाजारात मांडलीत," असे त्यांचा पुतण्या माझ्यादेखत म्हणाला. साहेब त्याला म्हणाले, "घराणं तिच्यामुळंच आहे, बाबा." आता ते कुठेही पाहुणे म्हणून गेले की मंचावर चढण्याआधी शहिदाच्या घरी जाऊन येतात आणि विधवेला विचारतात, तुमच्याबद्दल काय बोलू, काय बोलू नको. मला ते मावशी म्हणतात. रोवणीच्या दिवसांत एखादी चक्कर मारतात, बांधावर बसून चुका काढतात. धानातले त्यांना फार कळत नाही आणि मी ते सांगते.

विनायकचा फोटो शाळेत आहे. सुमन घुग्घुसला आहे, नात तिथल्या शाळेत जाते. रामदास खाणीतली पाळी संपवून आला की नातीला सायकलवर पुढे बसवून फिरवतो, असे ऐकते. सुट्टीत येतात, चार दिवस कालवा करतात, जातात. त्यांच्यामागे माझे घर पार रिकामे असते. संध्याकाळी एका माणसाचा भात रांधायचा कंटाळा येतो. विनायकच्या माघारी हे घर भरलेले ठेवणे मला सहज जमले असते. गाव माझ्या बाजूने होते. ते रिकामे व्हावे म्हणून मी धडपडले आणि साहेबांमुळे ते रिकामे झाले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

साहेबांना साठावे लागले. त्यांचे गुडघे दुखतात म्हणे. त्यांनी औषध वेळेवर घ्यावे, मालतीबाईंचे ऐकावे, स्वतःच्या दातांनी भाकर खात म्हातारे व्हावे आणि माझ्यामागे पुष्कळ वर्षे जगावे. माझ्या नातीचे लग्न निघेल तेव्हा मी बहुधा नसेन. मामा म्हणून त्यांनीच उभे राहायचे आहे.