बैठक खाली घ्या

"मला उचलायचं न्हाई. बैठक खाली घ्या," हे बाईंचं माझ्याशी पहिलं वाक्य.

बिलोली तालुक्यातल्या त्यांच्या गावात नदीचं पाणी शिरून गेलं होतं. बुडालेले धंदे पुन्हा उभे करायला कुणाला काय द्यायचं, याची यादी करायला मी नांदेडच्या एका संस्थेकडून गेलो होतो. बैठक शाळेच्या ओट्यावर, पाच पायऱ्या वर. बाई खाली, तीनचाकी सायकलवर. लहानपणी भूकंपात, लातूरकडच्या माहेरी, त्यांच्या पायांवर भिंत पडली होती. दोघे गडी त्यांना उचलायला धावले, तर बाईंनी हातानंच थांबवलं. शेवटी आम्ही सगळे सतरंजीसकट कडुनिंबाखाली आलो. तिथं काठीवाले, कुबडीवाले आणखी सातआठ जण बसलेले. वरून आम्हाला ते दिसलेच नव्हते.

बाईंनी यादी मागून घेतली. दोर वळणाऱ्या आंधळ्या आजोबांच्या नावापुढे मी 'घरच्यांवर अवलंबून' लिहिलं होतं.

"सर, अर्ध्या गावाची जनावरं ह्यांच्या दाव्याला बांधलेली असत्यात. अवलंबून कोण हाय?"

अशा याद्या तुम्हीही पाहिल्या असतील. मी मान खाली घालून ते खोडलं आणि पुढं, दोर वळायला द्यायची म्हणून, 'अंबाडी' लिहिलं.

बाईंचं शिवणयंत्र पुरात गेलं होतं. आमच्या घाईत नवं आलं ते पायाचं. मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

"पाय पण संगं पाठवायचे की, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

हातानं चालणारं यंत्र यायला तीन महिने लागले. तोवर त्यांनी गल्लीतल्या एका सुनेला पायाच्या यंत्रावर बसवलं. तिला ऐकू येत नसे. शेजारी बसून बाई खडूनं कापडावर रेघा मारत, काज-बटणं करत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "शिकवायला पाय लागत न्हाईत."

गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्यानं बाई गेल्या. मला उशिरा कळलं.

परवा गेलो. बाईंचं शिलाईचं दुकान उघडं होतं. ती सून पाठमोरी शिवत होती, दारात आजोबा दोर वळत बसलेले. मी दोनदा हाक मारली. मग लक्षात आलं.

"थांबा सर," आजोबा म्हणाले. त्यांनी चाचपून दाराजवळचा एक बारीक दोर ओढला. दुसरं टोक तिच्या खुर्चीला होतं. "बाईंनीच बांधून दिलता. गिऱ्हाईक आलं की वढायचा."

खुर्ची हलली. सुनेनं यंत्र थांबवलं, वळून पाहिलं आणि मला बसायला स्टूल पुढं सरकवलं.