वेळेचा रकाना

घरभाड्याचा सरकारी भत्ता योग्य माणसाला पोचतो का, याच्या तपासणीच्या फायली लोकांना दाखवणं हे फाइलकाकांचं काम. एकोणीस वर्षं ते पाहुण्याला आग्रह करावा तशा अगत्यानं फायली पुढे करत. खणात चार चष्मे ठेवलेले, कारण येणारा आपला हमखास घरी विसरायचा.

एकदा एक मावशी तणतणतच आल्या.

"तीन महिने भत्ता बंद! म्हणे मी त्या घरात राहतच नाही. मग भाडं काय भूत भरतं?"

काकांना सल्ला द्यायची मनाई होती, चष्मा द्यायची नव्हती. "मावशी, वेळेचा रकानाही वाचा हं."

फाइलीत तपासनिसाच्या तीन भेटी, तिन्ही वेळा कुलूप, तिन्ही वेळा सकाळचे अकरा.

"अहो, अकराला मी नातीला शाळेतून आणायला जाते! या बाबाला दुसरी वेळ माहीत नाही?"

तिथंच त्यांनी फेरतपासणीचा अर्ज लिहिला: संध्याकाळी पाचला या. तपासनीस आला आणि भत्ता सुरू झाला.

महिन्यानं मावशी पुन्हा हजर. काका धसकले. "आता काय राहिलं?"

"काही नाही. त्यानं माझ्याबद्दल काय लिहिलंय, ते बघायचंय."

शेरा होता: 'इथेच राहतात. भरपूर बोलतात.'

मावशींनी तो दोनदा वाचला. "खरं लिहिलंय मेल्यानं," म्हणाल्या आणि खुशीत निघाल्या.