कोरड्या गव्हापुरता हात

जवळ सरक वं सुनिता. तू अकोल्यात असली म्हणून काय झालं, हे वाचतानी तरी मावशीच्या जवळ सरक. फोनवर अर्धं ऐकलं अन् मलेच बोलली तू. “मावशी, तुमी कायले वाद घातला? पोरीची राहाची सोय गेली ना हातची!” असं बोलतात का बाई? आधी पुरं ऐकाव, मंग बोलाव. मी शाळा पाह्यली नाही, पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं शिकली. पण झालं ते झालं तसंच लिहून राह्यली.

वाशिमचं ते पोरींचं होस्टेल. माह्या नातीचा, प्रणालीचा, बीएस्सीले नंबर लागला. सरकारी वसतिगृहाची यादी लागाचीच होती अन् कॉलेज सोमवारी सुरू. आमचं गाव रिठदच्या आत. सकाळची एसटी वाशिमले पोचेलोग पहिला तास होऊन जाते. म्हणजे राहाले जागा नाही तर कॉलेज नाही. दोन ठिकाणं पाह्यली. एकाले मेस नव्हती, एकाले दाराची कडी नव्हती. हे तिसरं. एका बाईनं घरीच चालवलेलं. सगळ्या पोरी तिले काकू म्हणत.

वरांड्यात ताडपत्रीवर गहू पसरले होते. काकू बाहीर आल्या, मले म्हणे, “आजी, थोडं थांबावं लागेल. बसल्या बसल्या एवढे गहू निवडता का?”

मी बसली. डोळे अजून चांगले आहेत माहे. सुपात घेऊन खडा निवडला, काडी निवडली, किडका दाणा बाजूले केला. प्रणाली म्हणे, “आजी, आपण अ‍ॅडमिशनले आलो का कामाले?” मी तिलेच दटावलं. काकूनं येऊन सुपात हात फिरवला. “आजींचा हात किती स्वच्छ आहे!” मले बरं वाटलं वं. खरं सांगते, लय बरं वाटलं.

मंग काकूनं फॉर्म काढला. दोन टाईम जेवण, सकाळी नाश्ता. रविवारी पोळ्यावाली बाई सुटीवर असते, त्या रोजी पोरीच काम करतात. कोणी कणीक मळते, कोणी लाटते, कोणी भांडी घासते. म्हणून मेस जरा स्वस्त.

“आडनाव?”

प्रणालीनं सांगितलं.

“गावात कुठं राहता?”

“बौद्धपुऱ्यात.”

पेन थांबला. जरासाच. मंग पुन्हा चालला. काकू गोड हसल्या. “हिला पोळ्यांची ड्युटी नको. कायमची भांड्यांचीच देते. एकदा घासली की मोकळी. अभ्यासाला वेळ मिळेल.”

अन् मी काय म्हणली, सुनिता?

“लय उपकार झाले काकू.”

हेच म्हणली. हात जोडून म्हणली.

प्रणाली उठली अन् खोल्या पाहाले आत गेली. मीही मागं गेली. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कागद चिकटवला होता, रविवारच्या ड्युट्यांचा. नावं फिरत होती. या रविवारी मळणारी पुढच्या रविवारी लाटणारी. भांड्यांच्या खाली तीनच नावं. ती काही फिरत नव्हती.

मांगच्या मोरीत एक पोरगी भाताचा गंज घासून राह्यली होती. रविवारच होता तो. मी इचारलं, “कुठची वं माय तू?”

“शिरपूरची.”

“पोळ्या येत नाहीत का तुले?”

तिनं वर पाह्यलं नाही. “येतात आजी. कणकीले हात लावू देत नाहीत.”

“काहून?”

“तुमाले माहीत नाही का?”

माहीत होतं. साठ वर्षांपासून माहीत होतं.

लहान होती मी. गावात मोठ्या घरी लग्न निघालं की आमच्या बायाले बलावत. गहू निवडा, पाखडा. कोरडं आहे तोलोग आमचा हात चाले. पिठात पाणी पडलं की आमी आंगणाच्या बाहीर. मले काय समजे? एक बाई परातीपुढं बसून ‘पाणी आणा वं कोणी’ म्हणून हाका मारत होती. मी गडवा भरून नेला अन् ओतला परातीत. सगळी कणीक ढोरायपुढं टाकली त्याईनं. मले वाटलं आता माय मारन. मायनं मारलं नाही. ती त्या बाईच्या पायावर डोकं ठेवून राह्यली. उठेच ना.

मायनं माफी मागितली होती. मी उपकार मानून आली होती. फरक काय, तूच सांग.

मी बाहीर आली. म्हणलं, “काकू, माह्या नातीचं नाव सगळ्या ड्युट्यायमंधी लिवा. भांडीही घासन ती. पण पोळ्याही लाटन.”

“आजी, माझ्या मनात काही नाही हो. बाकीच्या पालकांचं बघावं लागतं.”

“मंग तसं लिहून द्या. बाकीच्या पालकायमुळं या पोरीले कणकीले हात लावू देत नाही म्हणून.”

त्यांचा आवाज चढला. “आता तुम्ही गहू निवडलेत, मी काही म्हटलं का? तेच खाणार आहोत ना आम्ही?”

“कोरडे आहेत ना ते. म्हणून.”

प्रणालीनं टेबलावरचा पेन उचलला अन् फॉर्मवर काकूनं लिहिलेल्या ‘भांडी’च्या पुढं लिहिलं: पोळ्या. काकूनं तिच्या हातातून पेन घेऊन ते खोडलं. “इथं सही करा, नाही तर दुसरीकडे बघा. बाहेर तीन मुली थांबल्यात.”

आमी सही केली नाही. निघताना प्रणालीनं भिंतीवरल्या कागदाचा फोटो काढला.

आता तुह्या प्रश्नाचं उत्तर. हो, सोय गेली. तासाभरात ती कॉट दुसरीले दिली. आमी बसस्टँडच्या मांगं एक खोली घेतली, पत्र्याची. मी गाव सोडून इथं येऊन राह्यली, या उमरीत. भर उन्हात खोली तापते, पोरगी वही घेऊन दारात बसते. तिच्या वर्गातल्या दोघी त्याच होस्टेलात आहेत, त्या तिच्याशी बोलत नाहीत. शिरपूरची पोरगी बजारात दिसली, मले पाहून गल्लीत वळली. मले तिचा राग नाही. तिचं शेवटचं वर्ष आहे.

फोटो लावून अर्ज दिला आमी. एक कॉलेजात, एक समाजकल्याणच्या ऑफिसात. माहं नाव मीच लिहिलं, सही मीच केली. काकूच्या ओळखीचे दोघं जण खोलीवर येऊन गेले. “आजी, नातीच्या शिक्षणाचं पाहा, अर्ज मागं घ्या.” मी म्हणलं, तेच पाहून राह्यली. चहा ठेवते म्हणलं. थांबले नाहीत.

काय होईन, मले माहीत नाही. कदाचित काहीच नाही होणार. पण अर्ज मी मागं घेत नाही. शिरपूरच्या पोरीचं नाव आजही त्या भिंतीवर भांड्याखालीच आहे. ते तिथून हलेलोग मी या ऑफिसच्या पायऱ्या चढन. गुडघे गेले तर बसून चढन.

ऑफिसवाले चौकशीले बलावतो म्हणले आहेत. त्याच्या आधी तू एकदा ये, सुनिता. फोनवर पुरं नाही बोलता येत. तुही रेणू पुढच्या वर्षी कॉलेजात जाईन, तिलेही आण. ऑफिसात बाकावर आमी दोघीच बसतो वं. जागा लय आहे. लवकर ये.