परत पाठवायची राहिलेली सगुणा

निरवांगीहून धाकट्या बहिणीच्या घरचा गाडीवान आला होता. त्यानं आधी कांद्याच्या रोपांचं सांगितलं, मग लंगडणाऱ्या बैलाचं, आणि निघता निघता म्हणाला, "ती सगुणा म्हातारी गेली परवा." आई हरभरा निवडत होती, ती निवडत राहिली. मीही रोपं कधी पाठवणार, एवढंच विचारलं...

सगुणा आईची पाठराखीण. नवी नवरी सासरी निघाली की सोबतीला माहेरची एखादी मुलगी जाते, चार दिवस राहते आणि नवं लुगडं घेऊन परत येते, ही आपल्याकडची रीत. सगुणा माझ्या आजोळी, सुप्याला, कामाला असलेल्या विधवेची पोर. आईबरोबर बारामतीजवळच्या आमच्या मळ्यात आली तेव्हा दहाएक वर्षांची असेल. तिला परत पाठवायचं राहून गेलं. आमच्या घरात हे असंच सांगत, 'राहून गेलं', जणू शेजाऱ्याचं भांडं परत द्यायचं राहावं. तिनं मला अंगाखांद्यावर वाढवलं. धारा, शेण, दळण, आमची आजारपणं सगळी तिच्याकडं. तिच्या हातावर कधी काही ठेवलं नाही, तिचं लग्नही कुणी केलं नाही. 'ती घरचीच आहे,' असं वडील म्हणत. एकदा ती चालत सुप्याच्या वाटेला लागली, तर वडिलांनी गडी पाठवून तिला मोरगावजवळून माघारी आणली. तिच्या पाठीवरचे वळ मी पाहिले. तेव्हा मी शाळेत होतो, असं म्हणता येईल. पुढच्या गोष्टीला तेही म्हणता येत नाही.

बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा वडील नव्हते, कारभार माझ्या हातात होता. नवरीसोबत कोण जाणार हा प्रश्न निघाला आणि मी सगुणाचं नाव घेतलं. ती भाकरी थापत होती. "केस पिकल्याली पाठराखीण कुणी बघितलीया का, आप्पा?" म्हणून हसली. मग हात थांबवून हळू म्हणाली, "तितनं मातुर मला सुप्याला सोडा. भाऊ हाय माझा." मी हो म्हणालो... पुढं बहीण बाळंत झाली, मग पुन्हा झाली. सगुणावाचून चालत नाही, असे तिचे निरोप येत राहिले आणि मी गप्प राहिलो. स्वराज्य आलं. यापुढं माणूस माणसाचा गुलाम असणार नाही, असं मी बारामतीच्या सभेत बोललो, टाळ्याही घेतल्या. निरवांगीला गेलो की ती दारापर्यंत येऊन माझ्या तोंडाकडं बघायची. विचारणं तिनं सोडलं होतं, बघणं सोडलं नव्हतं.

ती गेल्यावर बहिणीच्या घरी सुतक पाळलं नाही. आपल्या नात्यातली थोडीच ती, असं बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या. त्याच आठवड्यात तिथं पुरण शिजलं. जन्मभर घरची असलेली बाई मेल्यावर परकी झाली.

महिन्याभरानं मी सुप्याला गेलो. तिचा भाऊ राघू अंगणात दोर वळत बसला होता. मी कोण ते सांगितलं, मग बातमी सांगितली. त्याला कुणी कळवलंच नव्हतं. त्यानं दोर खाली ठेवला. "ती सुखात हाय, तिलाच यायचं न्हाय, असा सांगावा धाडल्याला तुमच्या वडलांनी," एवढंच म्हणाला. मग उठला, रांजणापाशी गेला आणि सुतकाची अंघोळ म्हणून नेसत्या कपड्यांनिशी डोक्यावर तांब्यानं पाणी ओतून घेतलं. लहानपणी घरातून गेलेल्या बहिणीसाठी तो म्हातारा उन्हात निथळत उभा होता...

मी टोपी काढली आणि त्याच्या हातातला तांब्या मागितला.

तो गोंधळला. रागावला नाही, हे मला अजून सोसत नाही. तांब्या मागं घेत समजुतीनं म्हणाला, "तुमी कशापायी भिजताय, मालक? तुमचं कुठं नातं हाय तिच्याशी?"