बांधणीतली फट

काढलेलं पान दाखवताना आमचे चित्रकार काका पुढच्या पानावर तळहात ठेवायचे. नुसता ठेवायचे नाहीत, दाबून धरायचे. तुम्ही पहिलं पान वाचून मान वर केलीत की ते तुमचे डोळे निरखायचे आणि खात्री पटली तरच हात उचलायचे. "घाई न्हाय," म्हणायचे, "आधी हे वाच." आमच्या मॅडम कंपनीच्या मालकीण, पण त्यांनाही यातून सूट नव्हती. चहावाल्यालाही नव्हती, त्यामुळे आमचा चहा रोज गार व्हायचा.

नवघरला एका औद्योगिक गाळ्यात आमचं कॉमिक्सचं ऑफिस होतं. शेजारच्या गाळ्यात स्टीलचे डबे ठोकले जायचे, त्या ठणठणाटात काका चित्रं काढायचे आणि मी संगणकावर रंग भरायचे. ते उत्तनहून बसने येत. त्यांच्या डब्यात सुकटाची चटणी असे. डबा उघडला की आमचे शाकाहारी अकाउंटंट खुर्ची उचलून दाराशी जात. काका त्यांच्यासाठी रोज न चुकता एक केळं आणायचे आणि काही न बोलता त्यांच्या टेबलावर ठेवायचे. वास काही कमी झाला नाही, पण भांडणही कधी झालं नाही.

त्यांची मालिका होती मंजी आणि तिच्या धाकट्या भावाची, दामूची. बोटीवर वाढलेली, एकमेकांच्या झिंज्या उपटणारी ही भावंडं काकांनी इतकी वर्षं काढली होती, की दामूला सर्दी झाली तर काकाच नाक पुसतील असं आम्ही म्हणायचो.

स्टेशनबाहेरच्या स्टॉलवाल्याने आमची पुस्तकं आधी खालच्या फळीवर नेली. मग त्यांचा गठ्ठा दोरीत बांधून ठेवला, आणि एक दिवस त्या जागी मोबाइलची कव्हरं लटकायला लागली. मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की छपाई बंद, यापुढे सगळं मोबाइलवर, दर शुक्रवारी एक भाग. वाचक टिकले तर मालिका चालेल, नाहीतर बंद. काका पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक निघालं तरी काढतच बसले.

पहिल्याच भागात वादळ होतं. दामू पाण्यात पडतो आणि मंजी वाकून त्याचा हात पकडते. काकांनी ते भागाचं शेवटचं चित्र जन्माच्या सवयीने जोडपानावर काढलं. डाव्या पानावर मंजीचा हात, उजव्या पानावर दामूचा, आणि मधे बोटभर कोरी जागा. छापील पुस्तकात मधली पट्टी बांधणी गिळते, म्हणून जुने चित्रकार ती सोडून देतात. पुस्तक बांधून आलं की हात एकमेकांत बरोबर बसतात. पण मोबाइलला कुठली आलीय बांधणी? फट तशीच राहिली. हात पोचलेच नाहीत. गंमत म्हणजे आमच्यापैकी कुणालाच ती दिसली नाही. आम्ही सगळेच छपाईत मुरलेले, आमच्या डोळ्यांनी ती आपोआप मिटवली होती.

दुसऱ्या दिवशी वाचकांचे निरोप येऊन थडकले. दामू गेला. कुणाची मुलगी जेवत नव्हती. लहानपणी आमची पुस्तकं वाचलेली मोठी माणसं परत आली होती आणि रडत होती. एवढे वाचक आम्हाला कधीच लाभले नव्हते.

मॅडमनी काकांना आणि मला आत बोलावलं.

"काका, चुकून झालं, पण चांगलं झालं. तो गेलाच असं ठेवू या."

"मी त्याला मारला न्हाय, मॅडम."

"लोकांनी तसंच वाचलंय ना."

"फटीत कोन मरतो काय?"

मला हसू आलं असतं, पण काका खरंच विचारत होते. मॅडम वाईट नव्हत्या, हे तुम्हाला सांगायलाच हवं. त्यांनी सरळ सांगितलं, की दामू परत आला तर लोकांना फसवल्यासारखं वाटेल, ते निघून जातील आणि मालिका बुडेल. चित्र तुमचं आहे, तुम्ही ठरवा, पण मग मी मालिका वाचवू शकणार नाही.

तो आठवडा फार वाईट गेला. सुकटाचा डबा उघडला तरी अकाउंटंट जागचे हलले नाहीत. काकांनी मला माझा फोन टेबलावर ठेवून वाचायला सांगितलं आणि स्वतः नुसते माझं बोट बघत बसले, ते कसं सरकतं, कुठे थांबतं. मला त्यांची काळजी वाटत होती. सगळं हातचं घालवून बसतील म्हणून रागही येत होता.

शुक्रवारी त्यांनी एक लांबलचक पट्टी काढून दिली. मी रंग भरल्यावर मॅडमनी ती फोनवर उघडली. पाणी. बोट सरकवलं, पुन्हा पाणी, आणखी गडद, ना शब्द, ना मासा.

"एवढं पाणी? काका, लोक अर्ध्यातून जातील."

काकांनी फोनच्या खालच्या अर्ध्यावर तळहात दाबून धरला. मग हळूच उचलला.

"घाई न्हाय. जाऊ दे त्यांना खाली. पोराला आनायचा तर बुडी मारायलाच लागते."

मॅडमचं बोट पुढे सरकत राहिलं. अगदी तळाशी दोन हात आले, घट्ट एकमेकांत. मधे केसाएवढीही जागा नव्हती. फोन खाली ठेवत मॅडम म्हणाल्या, "चढवा."

मॅडमचंच खरं झालं. कुणी श्वास रोखून खाली गेल्याचं लिहिलं, पण बरेच जण फसवलं म्हणून चिडले आणि गेले ते गेलेच. काही महिन्यांत मालिका बंद झाली. ती बातमी मीच काकांना सांगितली. ते म्हणाले, "पोर वर आला ना, बाय? मग झाला." शेवटच्या दिवशी पेन्सिलींचा डबा पिशवीत टाकला, अकाउंटंटच्या टेबलावर केळं ठेवलं आणि बस पकडायला गेले.

गेल्या वर्षी काका वारले. माझ्या फोनमध्ये तो भाग अजून आहे. मधूनच उघडते आणि बोट सरकवत पाण्यात उतरते. शेवट पाठ आहे, तरी दर वेळी मधेच वाटतं, की या खेपेला खाली हात नसणार. मग मी स्क्रीनच्या खालच्या अर्ध्यावर माझा तळहात ठेवते आणि थोडी थांबते.