बघूदादाचं रिंगण

त्याला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. गोठ्यातल्या गड्यांपासून दुधाच्या टँकरवाल्यापर्यंत सगळे त्याला बघूदादा म्हणत, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने मिळवलं होतं. फाटक मोडलंय, दुरुस्त करायचं का? बघू. आणखी एक माणूस ठेवायचा का? बघू. बायकोने स्वयंपाकघराची खिडकी मोठी करायचं काढलं, तेव्हाही बघूच. माणूस मनाने वाईट नव्हता. कुणाला तोडून बोलणं त्याला जमत नसे, इतकंच. नाही म्हटलं की समोरच्याचं तोंड उतरतं आणि हो म्हटलं की कामाला लागावं लागतं. ‘बघू’ म्हटलं की दोन्ही टळतं.

वडिलांच्या माघारी शेत त्याच्याकडे आलं. दुभत्या गायींचा मोठा गोठा, चाऱ्याची कोठारं, उतारावरची कुरणं आणि खाली ओढ्याकाठी एक सपाट तुकडा, जिथे सगळ्यांत चांगलं गवत यायचं. धाकटी बहीणही तिथेच राहायची, घराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत. पहाटे दूध काढायला ती त्याच्या बरोबरीने उभी असे. पण गायींचं आटोपलं की तिचा खरा दिवस सुरू व्हायचा. वासरांच्या जुन्या गोठ्यात तिने दोन घोड्या ठेवल्या होत्या, एक तांबूस आणि एक करडी. दुपारी शहरातून मुलं येत आणि धाकटी त्यांना गोठ्यामागच्या उतारावर घोड्यावर बसायला शिकवी.

“शिकवते कसली, घोडा-घोडा खेळते,” बघूदादा आल्यागेल्याला सांगे. सांगायचा तो कौतुकानेच. धाकटी ते ऐकून घेई आणि चहाचे रिकामे कप उचलून आत नेई.

तो उतार म्हणजे डोकेदुखीच होती. पावसाचे दिवस आले की घोड्यांचे पाय घोट्यापर्यंत रुतत. डोंगरावरून वारा सुटला की मधे उभ्या असलेल्या धाकटीचं बोलणं टोकाच्या मुलाला ऐकू जात नसे. ती ओरडून ओरडून सांगे आणि संध्याकाळी तिचा घसा बसलेला असे. आईबाप गाड्यांच्या काचा वर करून बसत, पुढच्या वेळी येत नसत. त्यांचं तरी काय चुकलं?

तिला छप्पर हवं होतं. ओढ्याकाठच्या सपाट तुकड्यावर एक मोठं रिंगण, वर पत्रे, खाली वाळू, आणि लागूनच घोड्यांसाठी धड तबेला.

“दादा, तो तुकडा देशील का? मी मुलं वाढवीन, आणखी घोडे ठेवीन. शेतालाही हातभार लागेल.”

“बघू.”

एका वर्षी गोठ्याची फरशी उखडली होती, एका वर्षी ट्रॅक्टर गेला, एका वर्षी बायकोचं आजारपण निघालं, मग कोरडा उन्हाळा आला. कारणं सगळी खरी होती. बघूदादा खोटं बोलत नव्हता. फक्त कामांच्या रांगेत बहिणीचं काम कायम शेवटी उभं असे, आणि ती रांग काही संपत नव्हती.

एका वसंतात धाकटीने विचारणं सोडलं आणि हातात हातोडा घेतला. सपाट तुकड्यावर पावलांनी मोजून तिने चार कोपऱ्यांना चार खुंट्या ठोकल्या, त्यांना दोरी बांधली. दारं जिथे येतील तिथे दोन दगड ठेवले. जेवताना त्याने खुंट्यांचा विषय काढला नाही, तिनेही काढला नाही. पुढे गवत कापणीला आलं. कापणीच्या यंत्राला खुंट्या आडव्या येत होत्या, म्हणून त्याने त्या उपटल्या, दोरी नीट गुंडाळली आणि सगळं तिच्या दाराशी ठेवून दिलं. फेकून दिलं नाही, नीट ठेवलं, याचं त्याला तेव्हा बरं वाटलं होतं.

त्यानंतर तिने छपराचं नावच काढलं नाही. बघूदादाला वाटलं, चला, डोक्यातलं खूळ गेलं.

शरद ऋतूत एका सकाळी दूध काढून झाल्यावर ती बादल्या विसळत म्हणाली, “दादा, मी पुढच्या आठवड्यात निघतेय. डोंगरापलीकडे घोडेस्वारीची शाळा आहे, तिथे शिकवायला बोलावलंय. घोड्याही नेतेय.”

“हे कधी ठरलं?”

“खुंट्या दाराशी सापडल्या, त्या दिवशी.”

तो तिथेच उभा राहिला. जाऊ नकोस, असं म्हणावंसं वाटलं. पण आयुष्यभर न वापरलेला शब्द वेळेला तोंडात येत नाही. तो म्हणाला, “सकाळच्या दुधाला माणूस बघावा लागेल.” ती हसली, आणि बादल्या पालथ्या घालून आत गेली.

ती गेल्यावर घर काही ओस पडलं नाही. गायी होत्या, गडी होते, बायको होती. पण दुपारच्या वेळी कोठारात काम करताना बघूदादाचे कान उगाच मागच्या उताराकडे लागत. “टाच खाली, पाठ सरळ,” हे ओरडणं आपण रोज ऐकत होतो, हे ते बंद पडल्यावर त्याला कळलं.

हिवाळा सरता सरता त्याने मिस्त्रीला बोलावणं धाडलं आणि त्याला ओढ्याकाठच्या तुकड्यावर नेलं.

“इथे रिंगण बांधायचंय. छपराचं. आणि तबेला.”

मिस्त्री आजूबाजूला बघत म्हणाला, “घोडे कुठायत?”

“नाहीत.”

“नाल सापडली म्हणून घोडा घेणारे ऐकले होते. तुमच्याकडे तर नालही दिसत नाही.”

“तू खांबाचं बोल,” बघूदादा म्हणाला.

आणि मग लोकांनी एक नवलच पाहिलं. ज्या माणसाला फाटकाची कडी बसवायला दोन ऋतू लागत, तो झपाटल्यासारखा कामाला लागला. वरची माती काढली, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून चर खणले, खडी अंथरली. पाया भरला, लोखंडी खांब उभे राहिले. पत्रे पेलणाऱ्या छपराच्या लोखंडी कैच्या क्रेनने वर चढवल्या, तेव्हा शेजारपाजारचे शेतकरी कुंपणाला टेकून बघत होते. “बघूदादा आता बघत नाही, करूनच दाखवतो,” कोणीतरी म्हणालं. तोही हसला. कळपातल्या काही गायी विकाव्या लागल्या. उरलेल्यांची कुरणाकडे जायची वाट बदलली. त्या रोज सवयीने जुन्या वाटेवर येत आणि नव्या भिंतीसमोर खोळंबून उभ्या राहत.

बायको सुरुवातीपासून एकच विचारत होती. “तिला सांगितलंत का?”

“पुरं झालं की सांगू.”

“अहो, जिच्यासाठी मांडलंय तिलाच पत्ता नाही. तिला काय हवं, काय नको, ते तरी विचारा.”

“तिला काय हवं ते मला माहीत आहे. वर्षानुवर्षं तेच तर ऐकतोय.”

खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. आता फोन करून सांगावं आणि ती म्हणाली, बघू, तर? त्यापेक्षा सगळं तयार करून तिला आणून उभी करावी. मग ती कशाला जाते?

रिंगणात वाळू कसली घालायची यावर घोडं अडलं. फार मऊ झाली तर घोड्याचे पाय दुखावतात, फार घट्ट झाली तरी तेच. मिस्त्री म्हणाला, एखादं चालतं रिंगण बघून या. चालतं रिंगण जवळपास एकच होतं. बघूदादा वसंतातल्या एका दुपारी गाडी काढून डोंगरापलीकडे गेला.

आत शिरताना त्याने टोपी जरा खाली ओढली. मुलांचे आईबाप एका बाजूला फळ्यांच्या कठड्याआड बाकांवर बसले होते, त्यांच्यात जाऊन तो बसला. रिंगणाच्या मधोमध धाकटी उभी होती.

ती ओरडत नव्हती. इतक्या वर्षांत त्याने तिचा शिकवतानाचा आवाज ऐकला होता तो वाऱ्याशी भांडणारा. इथे ती घरात बोलावं तशी बोलत होती, आणि टोकाच्या घोड्यावरचं मूलही मान डोलावत होतं. एका लहान मुलीचा घोडा मधेच थांबला. मुलगी घाबरून लगाम ओढू लागली. धाकटी सावकाश तिच्याजवळ गेली, घोड्याच्या मानेवर हात ठेवला आणि काही न बोलता उभी राहिली. मुलीचा श्वास शांत होईपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, “आता तू सांग त्याला.” मुलीने टाच लावली आणि घोडा चालू लागला.

शेजारचा माणूस कौतुकाने म्हणाला, “बाई फार गुणाच्या आहेत. आमची मुलगी दुसऱ्या कुणाकडे जायलाच तयार नाही.”

माझी बहीण आहे, हे बघूदादाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग इकडे कशी? तो नुसतं “हो, दिसतंय” म्हणाला. आपल्याच दारामागे ती हे करत होती आणि आपण एकदाही दहा मिनिटं कुंपणापाशी उभे राहिलो नाही, हे त्याच्या मनाला लागलं. निघताना त्याने मूठभर वाळू खिशात टाकली आणि धाकटी वळायच्या आत बाहेर पडला. परतताना डोंगराच्या वळणावर गाडी थांबवून तो बराच वेळ बसला. परत जावं, तिला सगळं सांगावं, असं वाटत होतं. पण छपराचं थोडंच काम राहिलं होतं. एवढं केलं, आता थोडक्यासाठी कशाला?

उन्हाळ्याच्या शेवटी सगळं तयार झालं. वाळू समतल केली होती. कडेच्या फळ्या स्वाराचा गुडघा घासू नये म्हणून बाहेर कललेल्या बसवल्या होत्या. तबेल्यात प्रत्येक घोड्याला स्वतंत्र ठाण, खाली रबरी अंथरण, खोगिरं ठेवायला खुंटाळी. बघूदादाने बहिणीला फोन केला. “एकदा येऊन जा. काम आहे.”

ती आली. गाडीतून उतरल्याबरोबर तिला छप्पर दिसलं आणि ती दार न लावताच उभी राहिली. मग आत गेली. बुटाच्या टाचेने वाळू दाबून पाहिली, खाली वाकून हातात घेतली. टाळी वाजवून आवाज घुमतो का ते ऐकलं. तबेल्यातल्या एकेका दाराच्या कड्या उघडून लावून पाहिल्या. बघूदादा तिच्या मागे मागे चालत होता. शाळेत निकालाच्या दिवशी चालावं तसा.

“कड्या एका हाताने उघडतात,” ती म्हणाली. “छान केलंस. मी मागत होते त्यापेक्षा कितीतरी मोठं आहे, दादा.”

“मग सामान कधी आणायचं?”

ती तबेल्याच्या चौकटीला टेकली. म्हणाली, “मी तिथलं सगळं अंगावर घेतलंय. शाळा आता मीच चालवते. वसंतात त्यांनी विचारलं, कायमची राहशील का. मी लगेच हो म्हटलं नाही. आठवडाभर थांबवून ठेवलं त्यांना. वाटत होतं, तुझा फोन येईल. आला नाही.”

वसंत. खिशात वाळू घेऊन तो घाटात बसला होता, तेच दिवस.

“तू एकदा नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं रे,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, त्यामुळे त्याला ऐकणं जास्त जड गेलं. “नाही म्हटलं की माणूस रडतो, पण दुसरी वाट धरतो. तू बघू म्हणायचास, आणि मी वाट बघत राहायचे. माझी उमेदीची वर्षं त्या उतारावर गेली.”

“मी बांधलं ना पण. तुझ्यासाठीच बांधलं.”

“माहीत आहे. मला न विचारता.” मग तिने त्याच्या बाहीवरचा भुसा झटकला, लहानपणी आई झटकायची तसा. “वरातीमागून घोडं, आणि इथे तर घोडंही नाही. चल, वहिनीने चहा ठेवला असेल.”

तिने चहा घेतला, वहिनीशी गप्पा मारल्या, गोठ्यात जाऊन ओळखीच्या गायींच्या पाठीवर थाप मारली आणि दिवस मावळायच्या आत गेली.

त्या हिवाळ्यात रिंगण रिकामंच राहिलं. बायको म्हणाली, निदान चाऱ्याच्या गठड्या तरी ठेवू आत. सल्ला शहाणपणाचा होता. बघूदादाने ऐकला नाही. तो रोज जाऊन रिकामी ठाणं झाडून यायचा. गडी मागून हसत, हे त्याला कळत होतं.

पुढच्या वर्षी धाकटीनेच तिच्या हाताखाली तयार झालेली एक तरणी शिक्षिका धाडली. तिने घोडे आणले, मुलं आली, बाकं भरली. लोक लांबून येतात आणि छपराची तारीफ करतात. शेताला खरंच हातभार लागला, धाकटी म्हणायची तसा. धाकटी अधूनमधून येते, शिक्षिकेला दोन गोष्टी सांगते, जेवून जाते. दोघं भाऊबहीण नीट बोलतात. हवा, गायी, वहिनीचं गुडघ्याचं दुखणं. आपण त्या वसंतात तिच्या शाळेत जाऊन आलो होतो, हे मात्र बघूदादाने तिला अजून सांगितलेलं नाही. सांगून आता तिला फक्त वाईट वाटेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली आहे. ती किती खरी, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

दुपारच्या दुधाआधी तो हल्ली थोडा वेळ बाकावर येऊन बसतो. परवा शेजारी बसलेल्या एका बाईने विचारलं, “तुम्हीही बसता का घोड्यावर?”

“मी नाही,” तो म्हणाला. “माझी बहीण बसते. शिकवतेही. फार छान शिकवते.”

“हो का? कोणत्या दिवशी असतात त्या इथे?”

“ती इथे नसते. डोंगरापलीकडे असते,” बघूदादा म्हणाला, आणि गायी आणायची वेळ झाली म्हणून उठला.